एकशेवीस बाय ऐंशी

रात्री साडेआठला राजारामपुरीतल्या माझ्या ओट्याशेजारी
तास सुरू होतो. कुकर शिट्टी देतो, मी माइक बंद करते
आणि सुरू करायला विसरते.
"मॅडम, आवाज न्हाई", चौघीजणी एकदम लिहितात.
नर्सिंगचं तिसरं वर्ष. बत्तीस काळे चौकोन.
स्नेहांकिता मगदूम. शबनम मुजावर.
आणि एक चौकोन नुसताच 'रेडमी',
ती कोण, हे जूनपासून मला कळलेलं नाही.

विषय : संशोधनाची तोंडओळख.
गृहीतक, नमुना, चल.
गृहीतक म्हणजे काय, असं विचारलं की
बत्तीस चौकोनांत देवळातल्या दुपारसारखी शांतता.

दिवाळीआधी प्रत्येकीला आपल्या गावातली वीस घरं दिली,
तिघींत मिळून बीपीचं एक यंत्र, आणि फॉर्म.
प्रश्न सातवा : आपण रोज किती ग्रॅम मीठ खाता?
(प्रश्न माझा. मला तेव्हा तो फार नेमका वाटला होता.)

तक्ते आले. शबनमचा उघडला.
एकशेवीस बाय ऐंशी.
एकशेवीस बाय ऐंशी.
वीस घरं, म्हातारे, बाळंतिणी, कुस्ती सुटलेला एक पैलवान,
एकशेवीस बाय ऐंशी.
मीठ : पाच ग्रॅम. सगळीकडे पाच ग्रॅम,
खर्डा कुटून जेवणाऱ्या या जिल्ह्यात!

रागाचं वाक्य तयार होतं माझं.
तोंडातून निघालं वेगळंच :
"शबनम, गगनबावड्यात कुणालाच काही होत नाही का गं?"
माइकचं चिन्ह हिरवं झालं, लाल झालं, पुन्हा हिरवं.
मग वारा ऐकू आला. रेंजसाठी ती पाण्याच्या टाकीवर बसते.
"घरी बसून भरलं, मॅडम.
पहिल्याच दारात विचारलं, किती ग्रॅम,
तर ताराक्का हसाय लागली.
म्हणाली, पोरी, मीठ काय गुजरीतलं सोनं हाय व्हय
तोलून घ्यायला?
पुढच्या दारात जायची लाजच वाटली मला."

लाज.
चाळीस स्लाइड केल्या होत्या मी, एकीवरही हा शब्द नव्हता.

त्या रात्री सातवा प्रश्न मोकळ्या पानावर घेतला
आणि सगळ्यांदेखत खोडला. म्हटलं, तुम्ही लिहा.
'ताटात वरून मीठ घेता का?' मगदूम.
'पापड-लोणचं रोज लागतं का?' दुसरं कुणी.
आणि बऱ्याच वेळाने, रेडमी :
'मिठाची पुडी किती दिवसांनी आणता? जेवणारी माणसं किती?'
वीजबिलाच्या पाठीवर मी भागाकार केला.
ग्रॅम आले. कुणाला तोलायला न लावता आले.
"नाव काय तुझं?"
"भाग्यरेखा, मॅडम. मोबाइल भावाचा हाय."

शबनम त्याच वीस दारांत पुन्हा गेली.
आता तिचा तक्ता ओबडधोबड आहे, दगडी पायरीसारखा.
एकशेअठरा बाय शहात्तर. एकशेबेचाळीस बाय अठ्ठ्याऐंशी.
एक रकाना रिकामा : 'नवरा नको म्हणाला.'
रिकामाच राहू दे, मी लिहिलं, तीसुद्धा माहितीच.

नावं लिहायची नाहीत असा नियम,
पण पहिलं घर कुणाचं, ते मला ठाऊक आहे.
वय एकसष्ट. एकशेनव्वद बाय एकशेदहा.
पुडी : महिन्याला किलोची. माणसं : दोन.
शेरा : 'थांबून थांबून तीनदा मोजलं. तेवढंच येतंय.
सकाळच्या एसटीनं सीपीआरला घेऊन जाते.
रात्री तासाला जमणार न्हाई.'

साडेआठ. एकतीस चौकोन.
हजेरीच्या पानावर दोनच पर्याय आहेत,
हजर आणि गैरहजर.
हाही प्रश्न कुणीतरी
कुठल्याच दारात न जाता केलेला असणार.
मुजावरच्या ओळीवर बाण धरून मी बसले आहे,
कुकरची किती शिट्टी झाली, मोजलेलं नाही.